परदेशीं गेलेला माणूस आणि सभागृहांतील प्रश्न

संसदेंतील प्रश्नोत्तरांचा तास म्हणजे गोंगाटाचा तास, अशी आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांचीहि समजूत झालेली आहे. दूरचित्रवाणीवर एखादा सभासद उभा राहिलेला दिसतो, मंत्री कागद पाहून उत्तर वाचतो, मध्येंच आरडाओरड होते आणि अध्यक्षांचा आवाज तींत बुडून जातो. विषय परराष्ट्रांचा असला तर पाहणाराचें लक्ष आणखीच उडतें. परराष्ट्रांचा कारभार हें दिल्लींतील बड्या लोकांचें काम. नगर-मनमाड रस्त्यावरील राहात्यासारख्या गांवाशीं त्याचा संबंध तो काय, असें त्यास वाटतें.

संबंध आहे, आणि तो घरांतला आहे. राहात्याचें नांव पेरूच्या बागांमुळें दूरवर माहीत आहे. अशाच एखाद्या बागायतदाराच्या घराची कल्पना करावी. थोरला मुलगा इंजिनीअर होऊन अमेरिकेंत नोकरी करीत आहे. पुतण्या वैद्यकी शिकण्यासाठीं परदेशीं गेला आहे. शेजारच्या घरचा मुलगा नववींत शाळा सोडून वेल्डिंगचें काम शिकला आणि एका दलालाच्या ओळखीनें आखातांत गेला. तेथें पोंचल्यावर कळलें, कीं दलालानें सांगितलेलें काम एक आणि पदरांत पडलेलें काम दुसरेंच. मालकानें पासपोर्ट काढून घेतला, पगार थकला, पुढें पुढें फोनहि येईनासा झाला. आतां त्याच्या बापानें कोणाकडे जावें? तो तहसील कचेरींत जातो, पोलीस ठाण्यांत जातो, आमदारांच्या दारीं जातो. सर्व ठिकाणीं त्यास सहानुभूति मिळते, पण काम होत नाहीं.

काम न होण्याचें कारण कोणाची अनास्था हेंच नव्हे. तें राज्यघटनेंत आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टांत केंद्राच्या अधिकारांची जी सूचि आहे, तींतील १० व्या क्रमांकावर परराष्ट्रव्यवहार आहे. आणि १९ व्या क्रमांकावर भारतांत प्रवेश, भारतांतून देशांतर, भारतांतून हद्दपारी, पासपोर्ट व व्हिसा हे विषय आहेत. अर्थात् मुंबईच्या किंवा नागपूरच्या विधिमंडळांत या गोष्टींचा जाब कोणत्याहि मंत्र्यास विचारतां येत नाहीं. तो विचारण्याची जागा एकच, ती म्हणजे दिल्लीची संसद; आणि राहात्याच्या माणसास तो विचारावयाचा, तर शिर्डी मतदारसंघांतून लोकसभेवर गेलेल्या सभासदाच्या किंवा राज्यसभेंतील एखाद्या सभासदाच्या मुखानेंच विचारावा लागतो.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार आयता मिळालेला नाहीं. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे एक मौजेची गोष्ट ध्यानांत येते. इंग्लंडच्या पार्लमेंटांत नोंदला गेलेला पहिला प्रश्न १७२१ सालीं उमरावांच्या सभेंत विचारण्यांत आला. साउथ सी कंपनीच्या शेअरांचे भाव कोसळून असंख्य लोकांचे पैसे बुडाले होते, आणि कंपनीचा मुख्य रोखपाल रॉबर्ट नाइट हा देश सोडून पळाला होता. तो ब्रसेल्स येथें पकडला गेल्याची वार्ता खरी आहे काय, असें अर्ल कौपर यांनीं सरकारचे प्रमुख अर्ल ऑफ सन्डरलंड यांस विचारलें. म्हणजे प्रश्नोत्तरांच्या प्रथेचा आरंभच मुळीं देशाबाहेर गेलेल्या माणसाच्या चौकशीनें झाला.

हिंदुस्थानांत ही प्रथा फार सावकाश रुजली. १८५३ च्या कायद्यानें बनलेलें कौन्सिल सरकारच्या कारभाराविषयीं प्रश्न विचारूं लागलें. तें सत्ताधाऱ्यांस रुचलें नाहीं, आणि १८६१ च्या कायद्यानें कौन्सिलाचें काम केवळ कायदे करण्यापुरतें आखून देण्यांत आलें. १८९२ च्या कायद्यानें आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. १६ फेब्रुवारी १८९३ रोजीं अवध प्रांतांतील भिंगा येथील राजेसाहेबांनीं पहिला प्रश्न विचारला. त्याचा विषय होता दौऱ्यावरील सरकारी अंमलदारांच्या तळांस रसद पुरवितांना खेड्यांतील दुकानदारांस होणारा जाच. परंतु उत्तर मिळाल्यावर त्यावर पुन्हां विचारणा करण्याची सोय नव्हती. सरकार जें सांगेल तें ऐकून खालीं बसावें, एवढाच अधिकार. १९०९ च्या सुधारणांनीं मूळ प्रश्न विचारणारास पुरवणी प्रश्न विचारतां येऊं लागला. १९१९ च्या कायद्यानंतर तो हक्क कोणत्याहि सभासदास मिळाला, आणि १९२१ पासून बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठीं राखून ठेवण्याची पद्धति सुरू झाली.

या सर्व काळांत एक दार मात्र घट्ट बंद होतें. परकीय राष्ट्रांशीं सरकारचे जे संबंध, त्यांस स्पर्श करणारा प्रश्न विचारावयाचा नाहीं, असा नियम १९०९ नंतरच्या कौन्सिलासहि लागू होता आणि १९१९ नंतरच्या कायदेमंडळासहि लागू होता. देशी संस्थानांच्या संबंधांविषयींहि तसाच नियम होता. मग परदेशांत गेलेल्या हिंदी माणसाची दाद कशी लागावी? नाताळ, मॉरिशस, फिजी हे मुलूख दूरचे होते, परंतु ते परराष्ट्रांत मोडत नव्हते. ते त्याच ब्रिटिश साम्राज्याचे भाग होते. या एका फटीतून हिंदी लोकप्रतिनिधींनीं हात घातला, आणि पुढें तीच फट मोठी होत गेली.

त्या फटींतून कोणाचा आक्रोश बाहेर येत होता, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गुलामगिरी बंद झाल्यावर उंसाच्या मळ्यांवर राबण्यास माणसें हवीं होतीं. तीं १८३४ पासून हिंदुस्थानांतून मॉरिशसला आणि पुढें इतर वसाहतींत करारानें नेण्यांत येऊं लागलीं. इंग्रजींतील ‘अ‍ॅग्रिमेंट’ या शब्दाचें मजुरांच्या तोंडीं ‘गिरमिट’ झालें, आणि करार करणारा तो गिरमिट्या. करार बहुधा पांच वर्षांचा असे, आणि तो मोडणें हा गुन्हा ठरत असे. मुंबई बंदरांतून मॉरिशसला गेलेल्यांत कोंकणांतील मराठी माणसेंहि होतीं. त्यांचे वंशज आज त्या बेटावर मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशोत्सव साजरा करतात.

या लोकांच्या वतीनें पहिले प्रश्न विचारले गेले ते कलकत्त्यास नव्हे, लंडनमध्यें. मुंबईंत जन्मलेले सर मंचेरजी भावनगरी हे १८९५ ते १९०६ पर्यंत ब्रिटिश पार्लमेंटाचे सभासद होते. इतर बाबतींत सरकारपक्षाचे असूनहि दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांच्या हालअपेष्टांविषयीं त्यांनीं वसाहतमंत्र्यांस वारंवार प्रश्न विचारले. हिंदुस्थानांत हें काम अंगावर घेतलें तें गोपाळ कृष्ण गोखले यांनीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें १८६६ सालीं जन्मलेले गोखले हे मुंबई कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांच्या वतीनें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत निवडून गेलेले होते. २५ फेब्रुवारी १९१० रोजीं त्यांनीं नाताळकरितां करारी मजुरांची भरती बंद करावी, असा ठराव मांडला. सरकारनें तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली.

दोन वर्षांनीं, ४ मार्च १९१२ रोजीं, त्यांनीं पुढचें पाऊल टाकलें. करारी मजुरीची पद्धतिच सर्वत्र बंद करावी, असा ठराव त्यांनीं आणला. या वेळीं सरकारनें मान डोलावली नाहीं. ठरावाच्या बाजूनें २२ मतें पडलीं, विरुद्ध ३३. कारण कौन्सिलांत सरकारी सभासदांचें बहुमत होतें. ठराव पडला, तरी हाच ठराव आपण वर्षानुवर्षें पुन्हां आणूं, असें गोखल्यांनीं बजावलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें ते स्वतः दक्षिण आफ्रिकेंत गेले आणि तेथील लोकांची स्थिति डोळ्यांनीं पाहून आले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं ते वारले. पुढें १९१६ च्या मार्चमध्यें पंडित मदनमोहन मालवीय यांनीं तोच ठराव आणला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनीं तो तत्त्वतः स्वीकारला. १९१७ च्या मार्चमध्यें भरती थांबली. १९२० च्या आरंभीं फिजींतील उरलेले करार रद्द झाले.

या लढ्याचें फळ १९२२ च्या देशांतर कायद्यांत उतरलें. अंगमेहनतीच्या कामासाठीं मजुरांना कोणत्या देशांत आणि कोणत्या अटींवर पाठवावयाचें, हें सरकारनें जाहीर करावयाचें. परंतु त्या जाहीरनाम्यास कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांची संमति घेतली पाहिजे, असें त्या कायद्यानें ठरविलें. परराष्ट्रधोरणाविषयीं अवाक्षर काढण्याची ज्या सभागृहास बंदी होती, त्याच सभागृहाच्या परवानगीवांचून मजुरांनें भरलेलें जहाज बंदर सोडूं शकत नव्हतें. प्रश्न, ठराव आणि पुन्हां प्रश्न या चिकाटीनें हें साधलें. परदेशीं गेलेला सामान्य मजूर हाच हिंदी लोकप्रतिनिधींस परराष्ट्रांच्या कारभाराकडे नेणारा पहिला वाटाड्या ठरला.

स्वातंत्र्यानंतर तें बंद दार उघडलें. घटनेच्या ७५ व्या कलमानें मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार झालें. मग परराष्ट्रखातेंहि जबाबदार झालेंच. देशांतराचा कायदा १९८३ सालीं नव्यानें करण्यांत आला. जो दहावी उत्तीर्ण नाहीं, त्यानें आखातांतील सहा देशांसह ठराविक १८ देशांत नोकरीस जातांना सरकारी परवानगी घ्यावी, भरती करणाऱ्या एजंटानें परवाना घ्यावा, त्यानें मजुराकडून ठराविक रकमेहून अधिक घेऊं नये, अशी व्यवस्था त्या कायद्यान्वयें बसली. राहात्याच्या त्या वेल्डर मुलाचें सारें प्रकरण या दोनतीन वाक्यांत येऊन जातें. त्याची परवानगी घेतली होती काय? एजंटाजवळ परवाना होता काय? कीं फिरावयास जाण्याच्या व्हिसावर त्यास कामाला धाडलें होतें? घरच्यांस हे प्रश्न सुचत नाहींत. पण सभागृहांत हेच विचारावयाचे असतात.

आतां ते विचारण्याची रीत पाहूं. लोकसभेंत प्रश्नांचा तास सकाळीं अकरा वाजतां असतो. राज्यसभेंत तो २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून दुपारीं बारा वाजतां भरतो. सभासदानें लेखी सूचना पंधरा पूर्ण दिवस आधीं द्यावी लागते. निरनिराळ्या खात्यांचे दिवस वांटून दिलेले असतात. आलेल्या सूचनांतून चिठ्ठ्या काढून क्रम लावतात. लोकसभेंत एका दिवशीं २० प्रश्न तारांकित म्हणून, म्हणजे तोंडी उत्तरासाठीं, घेतले जातात. २३० पर्यंत अतारांकित असतात, त्यांचीं उत्तरें लेखी मिळतात. राज्यसभेंत हेच आंकडे १५ व १६० असे आहेत. तारा असलेल्या प्रश्नाचें खरें मोल त्या उत्तरांत नसतें; तें त्यामागून येणाऱ्या पुरवणी प्रश्नांत असतें. लेखी उत्तर खात्यांतील अधिकारी तयार करतात. पुरवणी प्रश्नास मात्र मंत्र्यास उभ्याउभ्या तोंड द्यावें लागतें. दुर्दैवानें पहिल्या पांचसहा प्रश्नांतच तास संपतो, आणि गोंधळ झाला तर तेवढेहि होत नाहींत. बाकीच्या तारांकित प्रश्नांचीं उत्तरें लेखी समजावयाचीं. म्हणजे गोंधळानें सरकारची अडचण होते असें नव्हे. पुष्कळदां तिच्यांतून सुटका होते.

प्रश्न कसा असावा याचेहि नियम आहेत. तो १५० शब्दांहून लांब नसावा. त्यांत युक्तिवाद, उपरोध किंवा आरोप नसावा. मत विचारूं नये, माहिती विचारावी. परराष्ट्रांच्या बाबतींत एक खास नियम असा, कीं मित्रराष्ट्राचा अनादरानें उल्लेख करूं नये. खातेंहि नीट निवडलें पाहिजे. येथून बाहेर गेलेला माणूस हा परराष्ट्रखात्याचा विषय होय. परदेशस्थ भारतीयांसाठीं २००४ सालीं वेगळें खातें काढण्यांत आलें होतें, तें २०१६ सालीं परराष्ट्रखात्यांत विलीन झालें. उलट, बाहेरून येथें आलेला परकीय माणूस हा गृहखात्याचा विषय. १९२०, १९३९, १९४६ व २००० सालचे चार जुने कायदे रद्द करून त्यासंबंधीं २०२५ सालीं एकच नवा कायदा करण्यांत आला. खातें चुकलें, तर प्रश्न या खात्याकडून त्या खात्याकडे जाण्यांत दिवस निघून जातात.

‘किती?’ हा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा. बांगला देशांतून बेकायदा आलेल्या लोकांची संख्या किती, असें पुष्कळदां विचारण्यांत आलें. २००४ च्या जुलैमध्यें गृहराज्यमंत्र्यांनीं राज्यसभेंत १ कोटि २० लाख ५३ हजार ९५० असा एककापर्यंत नेमका आंकडा दिला. थोड्याच दिवसांत सरकारनें खुलासा केला, कीं तो कोणत्याहि व्यापक पाहणीवर आधारलेला नाहीं, बराचसा ऐकीव माहितीवर आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्यें दुसऱ्या एका गृहराज्यमंत्र्यांनीं त्याच सभागृहांत ही संख्या सुमारें २ कोटि असल्याचें सांगितलें. आणि हे लोक चोरून येत असल्यामुळें निश्चित आंकडा देतां येत नाहीं, असेंहि उत्तर सरकारनें वेळोवेळीं दिलेलें आहे. मंत्री दोन वेगळ्या पक्षांचे होते. तेव्हां दोष एका पक्षाचा नव्हे. यावरून घेण्यासारखा धडा एवढाच, कीं आंकडा मिळाल्यावर जो सभासद ‘ही मोजणी कोणी व कशी केली?’ असा पुरवणी प्रश्न विचारीत नाहीं, तो अर्धवट उत्तर घेऊन घरीं जातो; आणि तोच आंकडा वर्तमानपत्रांतून, सभांतून, घराघरांतून सत्य म्हणून फिरत राहतो.

प्रश्नाखेरीज दुसरें एक साधन आहे, तें म्हणजे मंत्र्यानें आपण होऊन केलेलें निवेदन. येथें दोन सभागृहांच्या रीतींत मोठा फरक आहे. लोकसभेंत निवेदन झाल्यावर त्याच वेळीं त्यावर प्रश्न विचारतां येत नाहींत. राज्यसभेंत मात्र सभासदांस खुलासे विचारण्याची प्रथा आहे. मराठी माणसास विसरतां न येण्यासारखें असें एक निवेदन २८ डिसेंबर २०१७ रोजीं झालें. नौदलाचे निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांस पाकिस्तानांतील लष्करी न्यायालयानें एप्रिल २०१७ मध्यें फांशीची शिक्षा सांगितली होती. त्यांची आई व पत्नी यांची २५ डिसेंबरला इस्लामाबादेंत त्यांच्याशीं भेट झाली, ती कांचेच्या आडून. तीन दिवसांनीं परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनीं दोन्ही सभागृहांत त्या भेटीची हकीकत सांगितली. दोघींस मंगळसूत्र, बांगड्या व कुंकू उतरावयास लावलें होतें. आईच्या गळ्यांत मंगळसूत्र न दिसल्यामुळें मुलानें प्रथम वडिलांची खुशाली विचारली. आणि आई मुलाशीं मराठींत बोलूं लागली, तेव्हां तिला थांबविण्यांत आलें.

या हकीकतीनें सभागृह पक्षभेद विसरून एक झालें. परंतु निवेदनाचें महत्त्व भावनेपुरतें नव्हतें. तें सरकारी दप्तरांत नोंदलें गेलें, आणि जगापुढें भारताची अधिकृत बाजू म्हणून उभें राहिलें. जाधव यांस भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांची भेट नाकारण्यांत आली, हा तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढील मुख्य मुद्दा होता. १७ जुलै २०१९ रोजीं त्या न्यायालयानें पाकिस्तानानें व्हिएन्ना कराराचा भंग केल्याचा निर्णय १५ विरुद्ध १ मतानें दिला आणि शिक्षेचा फेरविचार होईपर्यंत फांशीस स्थगिति राहील असें सांगितलें. दुसऱ्याच दिवशीं परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनीं संसदेस निवेदन दिलें.

प्रत्येक निवेदन असें समाधान देणारें नसतें. २०१४ च्या जूनमध्यें इराकांतील मोसुल येथें ३९ भारतीय कामगारांचें अपहरण झालें. ते जिवंत आहेत कीं नाहींत, हा प्रश्न जवळजवळ चार वर्षें संसदेंत पुन्हां पुन्हां विचारला गेला. पुराव्यावांचून कोणास मृत म्हणणें हें पाप होय, असें सुषमा स्वराज यांनीं जुलै २०१७ मध्यें लोकसभेंत सांगितलें. शेवटीं २० मार्च २०१८ रोजीं, अवशेषांची तपासणी झाल्यावर, ते सर्व मरण पावल्याचें त्यांनीं राज्यसभेंत जाहीर केलें. अनेक घरांस ही वार्ता दूरचित्रवाणीवरून कळली, आणि आम्हांस आधीं कां सांगितलें नाहीं, असें त्या घरच्यांनीं विचारलें. अधिवेशन चालू असतांना प्रथम सभागृहास सांगणें हें आपलें कर्तव्य होतें, असें मंत्र्यांचें म्हणणें पडलें. नियमाच्या दृष्टीनें मंत्री चुकल्या नव्हत्या. आणि ज्यांच्या घरीं चार वर्षें दिवा लावून वाट पाहिली जात होती, त्यांचें म्हणणेंहि खोटें नव्हतें. सभागृहाचा मान आणि घरच्यांचें दुःख यांची सांगड कशी घालावी, याचें उत्तर अजून नियमांच्या पुस्तकांत लिहिलेलें नाहीं.

अडचणींत सांपडलेल्यांस परत आणल्याची हकीकतहि याच सभागृहांत सांगितली जाते. २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटल्यावर सुमारें २२,५०० भारतीय सुखरूप परतल्याचें परराष्ट्रमंत्र्यांनीं १५ मार्चला संसदेस सांगितलें. ज्या राज्यांतील हजारांहून अधिक लोक त्यांत होते, त्यांमध्यें महाराष्ट्र होता. ५ फेब्रुवारी २०२५ रोजीं याच्या उलट प्रकार घडला. अमेरिकेनें बेकायदा राहणाऱ्या १०४ भारतीयांस लष्करी विमानानें अमृतसर येथें आणून सोडलें. त्यांत महाराष्ट्रांतील तिघे होते. त्यांस बेड्या घातल्या होत्या, या वार्तेनें दोन्ही सभागृहें खवळलीं. दुसऱ्या दिवशीं राज्यसभेंत केलेल्या निवेदनांत परराष्ट्रमंत्र्यांनीं वर्षवार आंकडे दिले. २००९ सालीं ७३४, २०१९ सालीं २,०४२, २०२४ सालीं १,३६८ भारतीय अमेरिकेंतून परत पाठविले गेले होते. बेड्या घालण्याची अमेरिकेची पद्धति २०१२ पासूनची आहे, स्त्रिया व मुलें यांस त्या घालीत नाहींत असें अमेरिकेनें कळविलें आहे, आणि आपल्या नागरिकांस परत घेणें हें प्रत्येक राष्ट्राचें कर्तव्य आहे, असें त्यांनीं सांगितलें. विरोधी सभासदांचें या उत्तरानें समाधान झालें नाहीं. तथापि सोळा वर्षांचे आंकडे एका ठिकाणीं नोंदले गेले, आणि पुढच्या प्रश्नास आधार मिळाला.

येथें कोणी विचारील, कीं उत्तर देतांना मंत्री ‘माहिती गोळा करण्यांत येत आहे’ किंवा ‘हा विषय विचाराधीन आहे’ एवढेंच म्हणून सुटतात, त्याचें काय? त्याचीहि तजवीज आहे. अशीं वाक्यें हीं सरकारचीं आश्वासनें मानलीं जातात. त्यांवर नजर ठेवण्यासाठीं लोकसभेनें १ डिसेंबर १९५३ पासून एक समिति नेमलेली आहे. राज्यसभेनें तशीच समिति १९७२ सालीं नेमली. आश्वासन साधारणपणें तीन महिन्यांत पुरें करावें लागतें; तसें न झाल्यास मुदत वाढवून मागावी लागते. दिलेलें उत्तर चुकीचें होतें असें आढळल्यास मंत्र्यास दुरुस्तीचें निवेदन करावें लागतें. म्हणून उत्तर टाळलें गेलें तरी प्रश्न वायां गेला असें समजूं नये; त्याची नोंद राहते, आणि ती नोंद धरून पुन्हां विचारतां येतें. गोखल्यांचा १९१२ चा ठराव पडला होता, तरी तो नोंदींत होता. १९१६ सालीं तो तेथूनच उचलला गेला.

आतां पुन्हां राहात्याच्या त्या बापाकडे येऊं. त्यानें काय करावें? प्रथम मुलाच्या पासपोर्टाचा क्रमांक, गेल्याची तारीख, व्हिसाचा प्रकार, एजंटाचें नांव व परवाना-क्रमांक, मालकाचें नांव व गांव, आणि दिलेल्या पैशांच्या पावत्या हें सर्व एका कागदावर उतरून काढावें. त्या देशांतील भारतीय वकिलातीकडे आणि परराष्ट्रखात्याच्या ‘मदद’ या तक्रार-नोंदणीच्या सोयीवर तें नोंदवावें. तोच कागद आपल्या खासदारांकडे नेऊन द्यावा. खासदार मंत्र्यास पत्र लिहितील, त्यानें एका माणसाची सुटका होण्याचा संभव असतो. परंतु त्याच एजंटानें तालुक्यांतील, जिल्ह्यांतील आणखी मुलें फसविलीं असतील, तर त्या घरांनीं एकत्र येऊन खासदारांस प्रश्नच द्यावा. अहिल्यानगर जिल्ह्यांतून किती तक्रारी आल्या? त्यांतील एजंटांपैकीं किती जणांजवळ परवाना होता? कितींवर कारवाई झाली आणि केव्हां? अशा प्रश्नास मोघम उत्तर देणें खात्यास कठीण जातें.

सुशिक्षित घरांचेंहि यांत एक काम आहे. दोन्ही सभागृहांतील प्रश्न व उत्तरें संसदेच्या संकेतस्थळावर कोणासहि वाचतां येतात. आपल्या खासदारांनीं गेल्या अधिवेशनांत परराष्ट्रखात्यास काय विचारलें, उत्तर काय मिळालें, आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारला कीं नाहीं, हें पाहण्यास घटकाभर वेळ पुरतो. ज्या मतदारसंघांत हें पाहणारे लोक आहेत, तेथील सभासद प्रश्न विचारतांना अधिक काळजी घेतो. ज्या बापाला लिहितां येत नाहीं, त्याचा कागद लिहून देणें हें तर त्याहूनहि सोपें काम आहे. शेजारच्या घरचा मुलगा आखातांतून बोलेनासा झाला असेल, तर त्या कामास आजच आरंभ करावा.